धर्माची ओव्हर

“आणखी चार,” बाबा म्हणाला.

सत्तावीस झाले होते. मोजायचं काम माझं; तो कधीच मोजत नसे. मंडपाच्या मागे, जिथे थंड्याच्या बाटल्यांचे क्रेट रचून ठेवले होते, तिथे मी उकिडवी बसले होते. डाव्या हातात हिराजीकाकाचा जुना कीपिंग ग्लोव्ह, उजवा हात उघडा. पुढे दोन पावलांवर मी माझी एक चप्पल ठेवली होती. बाबाचा यॉर्कर त्या चपलेवर पडायला हवा. तसा पडला की बॉल घसरून ग्लोव्हमध्ये यायचा आणि करंगळीच्या बुंध्याशी असा चावायचा की डोळ्यांत पाणी यावं. टेनिसचा बॉल म्हणून कोणी हसू नये. आमच्याकडे खेळतात तो जड बॉल असतो, आणि बाबा तो पंधरा पावलं धावत येऊन टाकायचा.

अठ्ठाविसावा चपलेच्या वीतभर अलीकडे पडला आणि आरामात उसळून माझ्या गुडघ्यापर्यंत आला. मी तो उघड्या हाताने झेलला.

“कसा?” त्याने विचारलं.

“चांगला.”

“वारा आहे आज खाडीचा,” तो म्हणाला आणि उजवा खांदा दोनदा गोल फिरवून परत मागे गेला.

वारा नव्हता. मंडपाची झालर हलतसुद्धा नव्हती.

एकतीस झाले. त्यातले चार चपलेवर पडले होते. दोन वर्षांपूर्वी एकतिसांतले चार चुकायचे.

ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. फेब्रुवारीतला रविवार, आमच्या खारवडीच्या मैदानावरची फायनल. मैदान म्हणजे भात कापलेलं शेत. बांध फोडून, चोपण्यांनी चोपून सपाट केलेलं. पेणच्या खाडीच्या अंगाला असली मैदानं दर वर्षी उभी राहतात आणि पावसाआधी पुन्हा शेतं होतात. मी तेव्हा बारावीत होते, परीक्षा अठरा दिवसांवर आली होती, आणि माझं फिजिक्सचं पुस्तक क्रेटवर उघडं पडलेलं होतं. सकाळपासून त्याचं एकही पान मी उलटलं नव्हतं.

बाबा, म्हणजे धर्मा घरत, पेण ते खारवडी सहा सीटर चालवायचा. ते त्याचं पोटाचं काम. खरी ओळख शेवटच्या ओव्हरची. आमच्याकडच्या मॅचेस आठ-आठ ओव्हरच्या. कोणी पहिली टाको, कोणी मधली, आठवी ओव्हर धर्माची, हे अकरा सीझन ठरलेलं होतं. सात ओव्हर तो सीमारेषेवर उभा राहायचा आणि मॅच अगदी नरड्याशी आली की त्याच्या हातात बॉल द्यायचे. त्याने वाचवली तर बक्षिसाची मोटरसायकल बॅटिंग करणाऱ्याला मिळायची. त्याने घालवली तर ती धर्माने घालवली. सहा वर्षांपूर्वी एका फायनलला शेवटच्या बॉलवर त्याला सिक्स बसला होता. त्यानंतर आठवडाभर गावातलं कोणी त्याच्या सहा सीटरमध्ये बसेना. नाक्यावरची पोरं विचारायची, धर्मादादा, शेवटच्या वळणावर ब्रेक लागतात ना? तोही हसायचा. घरी आला की खांद्याला तेल लावून घेताना मात्र हसायचा नाही.

आणि निम्म्या मॅचेसमध्ये त्याची पाळीच येत नसे. मॅच सहाव्या ओव्हरलाच जिंकलेली नाहीतर हरलेली असायची. तरी हात गरम करून तयार राहावंच लागे. ते तीस-तीस, चाळीस-चाळीस बॉल कोणाच्या वहीत लिहिले जात नव्हते. मी नऊ वर्षांची असल्यापासून ते झेलत होते. आईला ते अजिबात पसंत नव्हतं. मुलगी घोडी झाली, चार गावच्या पुरुषांपुढे उकिडवी बसते, तुला काही वाटतं का, असं ती त्याला दर रविवारी विचारायची. तो म्हणायचा, दुसऱ्या कोणाला दिलं तर तो मुद्दाम चांगला म्हणतो, हिला खोटं बोलता येत नाही.

आमच्यात बापाला अरे-तुरेच करतात. मीही करायची.

त्या रविवारी मंडपात पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्च्या सोडून खास आणलेल्या सोफ्यावर भोईरशेठ बसला होता. उरणच्या बाजूचा माणूस. त्याचं कंटेनर यार्ड होतं आणि त्याचा संघ खाडीच्या दोन्ही बाजूंना नावाजलेला होता. त्याच्या शेवटच्या ओव्हरवाल्याचा घोटा मोडला होता. हे कळल्याबरोबर हिराजीकाका स्वतः बस बदलत उरणला गेला, दोन तास यार्डाच्या गेटवर थांबला आणि शेठला सांगून आला, आमचा धर्मा बघा एकदा. शेठने कबूल केलं होतं की फायनलला येतो, धर्माची ओव्हर बघतो, आणि हात तसाच असेल तर पुढचे सीझन माझ्याकडे खेळायचं आणि यार्डात सुपरवायझर म्हणून कायमचं लागायचं. बाबा एक्केचाळीस वर्षांचा होता. असा निरोप त्याला आयुष्यात पहिल्यांदा आला होता, आणि दुसऱ्यांदा येणार नव्हता.

आठ दिवस तो त्याच एका विषयावर होता. यार्डात शिफ्ट असतात म्हणे. बूट कंपनीचे. सुपरवायझरला टोपी वेगळ्या रंगाची असते, हे कुठून तरी त्याने काढून आणलं होतं. आईसुद्धा त्या आठवड्यात काही बोलली नाही. शनिवारी तिने न सांगता त्याची पांढरी पँट धुऊन निळीत घातली.

हिराजी मोकल आमचा कॅप्टन आणि विकेटकीपर. बाबाचा पहिलीपासूनचा दोस्त. सहा सीटरमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी जी अर्धी जागा असते ती काकाची. तिथे दुसरा कोणी बसला तर बाबा त्याला उठवायचा. मॅच सुरू होण्याआधी काका पॅड बांधत मंडपाच्या मागे आला. बाबा तेव्हा पाणी प्यायला गेला होता.

“काय गो जागू, कसा येतोय?”

मी ग्लोव्ह काढत होते. बोटं लाल झाली नव्हती. ती त्याने पाहिली.

“बघू पुढे,” मी म्हटलं.

“मी तुझ्याकडे बघीन,” काका म्हणाला. “नेहमीसारखा.”

हे नेहमीसारखं काय होतं ते सांगायला हवं. ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी बाबाचा खांदा पहिल्यांदा धरला. तेव्हा तो कोणालाच सांगत नव्हता, काकालाही नाही. काका एक दिवस मला शाळेच्या रस्त्यात भेटला आणि म्हणाला, तुझा बाप मी विचारलं की छान हाय बोलतो, त्याचा काय भरोसा नाय. बॉल तुझ्या हातात येतो, तुला कळतं. मग आमचं ठरलं. बाबा फिल्डिंगला उभा राहायचा ती जागा मंडपाच्या कडेला, माझ्या क्रेटसमोर. सातवी ओव्हर संपली की तो दोरीच्या अलीकडे येऊन मला तीन-चार बॉल टाकायचा आणि मग मैदानात धावत जायचा. तेवढ्यात काका विकेटमागून माझ्याकडे बघायचा. हात बरोबर असेल तर मी उठून उभी राहायची. नसेल तर बसून राहायची. बाकी कोणाला काही दिसायचं नाही. उकिडवी बसलेली मुलगी पाय मोकळे करायला उभी राहिली, एवढंच.

तीन वर्षांत मी एकदाही बसून राहिले नव्हते. तशी वेळच आली नव्हती. दुखत असला तरी त्याचा बॉल येत होता. जानेवारीपासून तो यायचा थांबला, पण तेव्हापासून एकाही मॅचमध्ये त्याच्या ओव्हरची पाळी आली नव्हती.

आम्ही पहिली बॅटिंग केली आणि एकाहत्तर केले. भालवाडीचा संघ तेवढे सहज करेल असं पहिल्या चार ओव्हरमध्ये वाटलं, मग दोन विकेट पडल्या आणि अडकले. माइकवर शाळेतले गुरुजी होते. ते प्रत्येक ओव्हरनंतर आठवण करून देत होते की अजून खारवडीच्या भात्यातला शेवटचा बाण बाकी आहे, आणि खास उरणहून आलेले सन्माननीय भोईरशेठ तो बाण बघायलाच बसलेले आहेत. दर वेळी लोक शेठकडे बघायचे आणि मग बाबाकडे. बाबा दोरीजवळ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उभा होता. त्याचा शर्ट पाठीवर पूर्ण भिजला होता, आणि अजून त्याने एकही बॉल अडवला नव्हता.

पाचव्या ओव्हरनंतर त्याने मान न वळवता मला विचारलं, “शेठ बघतोय का इकडे?”

“थंडा पितोय.”

“पिऊ दे. आठवीला पिणार नाय.”

सातवी ओव्हर काकाच्या पुतण्याने टाकायची होती. नितेश त्याचं नाव. एकवीस वर्षांचा, लांब हातांचा, अबोल मुलगा. दुसऱ्या वर्षापासून कॉलेज सोडून घरी बसलेला. पण ऐन वेळी काकाने सातवी दुसऱ्याच एकाला दिली. माझ्याशिवाय ते कोणाच्या लक्षात आलं नसेल. काकाने नितेशची ओव्हर हातची राखली होती. सकाळी त्याने माझी बोटं पाहिली होती.

सातवी संपली तेव्हा भालवाडीला अकरा हवे होते. गुरुजी माइकवरून सम्राट, बादशहा असे काय काय शब्द काढू लागले. ढोलवाल्यांनी सुरुवात केली. बाबा दोरी ओलांडून आला, माझ्या मांडीवरचा जादा बॉल उचलला आणि मागे गेला.

पहिला चपलेच्या बराच अलीकडे पडला. दुसरा पडलाच नाही. सरळ माझ्या छातीवर आला, मऊ, कोणी लहान मुलाला द्यावा तसा. टाकताना बाबाने ओठ दाताखाली धरला होता आणि टाकून झाल्यावर हात खाली लोंबत ठेवला होता, जणू तो त्याचा नव्हताच. तिसरा चपलेवर पडला. पण पडून तिथेच थांबल्यासारखा झाला आणि मग माझ्याकडे आला.

“कसा?” तो म्हणाला. त्याचं लक्ष शेठकडे होतं.

मी बॉल मांडीवर घेतला. मी चांगला म्हटलं का ते आठवत नाही. बहुतेक म्हटलं. तो पँटला हात पुसत मैदानात शिरला.

विकेटमागे हिराजीकाका उभा होता. ग्लोव्ह काखेत मारून त्याने टोपी नीट केली आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या. उठणं काही अवघड नव्हतं. आईने निळीत घातलेली पँट मला दिसत होती. भालवाडीचा सगळ्यात दांडगा बॅट्समन स्ट्राइकवर होता, सहा वर्षांपूर्वी बाबाला सिक्स मारणारा तोच. तो बॅट आपटत होता. त्या मऊ बॉलचं तो काय करील ते मला दिसत होतं. गावच्या समोर, शेठच्या समोर. आणि मग नाक्यावर.

मी बसून राहिले.

काका बराच वेळ बघत राहिला. लोकांना वाटलं असेल तो फिल्डिंग लावतोय. बाबा त्याच्याजवळ पोचला होता, हात पुढे करून. काकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलला, आणि मग त्याच्या पलीकडे बघून हाक मारली, “नितेश.”

बाबाचा पुढे केलेला हात लगेच खाली आला नाही.

मैदानात काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. बाबा काकाच्या अगदी तोंडाजवळ गेला होता. काका मान खाली घालून ग्लोव्हची बोटं ओढत होता. पंच मध्ये आले. मग बाबा माघारी आला, आपल्या जागेवर, दोरीपाशी. ढोल थांबले होते. षटकात अनपेक्षित बदल, असं गुरुजी दोनदा म्हणाले.

नितेशने ओव्हर टाकली. पहिल्या बॉलवर दोन, दुसऱ्यावर काही नाही, तिसऱ्यावर तो दांडगा बॅट्समन आऊट. शेवटच्या बॉलवर सहा हवे होते आणि यॉर्कर असा पडला की बॅट जमिनीत रुतली. लोक बांधावरून उड्या टाकत मैदानात घुसले. नितेशला खांद्यावर घेतलं. गुरुजींचा आवाज फाटला. मंडपात भोईरशेठ उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि शेजारच्याला विचारत होता, हा पोरगा कोणाचा?

चषक वाटप होईपर्यंत आम्ही थांबलो नाही. बाबाने माझं पुस्तक उचललं, मला म्हणाला चल. सहा सीटर मंडपाकडे होती, ती तिथेच सोडून तो खाडीच्या बांधावरून घराकडे चालायला लागला. मी एका पायात चप्पल घालून दुसरी हातात घेऊन त्याच्या मागे. मागून माइकवर नितेश मोकलचं नाव येत होतं. ऊन उतरलं होतं, खाडीला ओहोटी होती.

अर्ध्या वाटेवर तो बांधावर बसला. उजवा हात त्याने डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला.

“पुतण्यासाठी केलं त्याने,” तो म्हणाला. “उरणला गेला, गेटवर बसला, धर्मासाठी, धर्मासाठी. सगळं पुतण्यासाठी. मला नुसता पुढे धरला शेठला आणायला.”

मी हातातली चप्पल पायात घातली.

“मैदानात मला काय बोलला माहीत हाय? आज राहू दे, बोलला. अकरा वर्षं मी काय कधी राहू दे बोललो?”

“बाबा, घरी चल.”

“थांब. तुला विचारतो.” त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “तू सांग. शेवटचे तीन बॉल. तुझ्या हातात कसे आले?”

त्याला माझ्याकडून काय ऐकायचं होतं हे मला आज वाटतं तितकं तेव्हा स्पष्ट नव्हतं. त्याच्या मांडीवर तो हात पडलेला होता आणि बोटं आपोआप थरथरत होती, आणि ती थरथर मला दिसू नये म्हणून त्याने त्यावर माझं पुस्तक ठेवलं होतं. फिजिक्सचं. मी त्या पुस्तकाकडे बघत राहिले.

“चांगले आले,” मी म्हटलं.

“नक्की?”

“चावले. पहिल्यासारखे.”

त्याने मान हलवली. दोन-तीनदा हलवली. मग उठला आणि घरापर्यंत माझ्या पुढे चालत राहिला.

नितेशला शेठने नेलं. तो यार्डात लागला, पुढे तिथे मोठा साहेब झाला, गावात दुमजली घर बांधलं. बाबा त्यानंतर मैदानावर गेला नाही. हिराजीकाका त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात आला होता. बाबाने आईला सांगितलं, त्याला सांग मी घरात नाय. आईने तसं सांगितलं आणि वर आपल्या मनाचं बरंच काही ऐकवलं, पुतण्याबद्दल. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसले होते. मला सगळं ऐकू येत होतं. काका म्हणाला, “वहिनी, जागूला जरा बाहेर पाठव.” आई म्हणाली, “तिचं काय काम तुझ्याकडे?” मी पुस्तकाचं पान उलटलं.

परीक्षा झाल्यावर सांगू, असं मी ठरवलं होतं. मग निकालानंतर. मग मी अलिबागला होस्टेलवर गेले, पुढे पुण्याला. सुट्टीत घरी यायचे तेव्हा पेणच्या स्टँडवरून बाबाच्याच सहा सीटरने यायचे. नाक्यापासून गावापर्यंतच्या रस्त्याला सावली नाही. त्या रस्त्यावर कितीतरी वेळा हिराजीकाका पिशवी घेऊन चालत जाताना दिसायचा. बाबाची गाडी रिकामी असायची, मी आणि तो दोघंच. गाडी जवळ आली की काका रस्ता सोडून कडेला उभा राहायचा, धूळ खाली बसेपर्यंत. बाबा समोर बघून गाडी चालवायचा. एकदा, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, मी म्हटलं, बाबा, थांबव ना, घेऊ या काकाला. त्याने गाडी थांबवली. माझ्याकडे वळून म्हणाला, “तू तर तिथे होतीस गो. तुझ्या हातात बॉल आले होते. तू तरी असं बोलू नको.” मग गिअर टाकला.

तेव्हा सांगता आलं असतं. गाडी थांबलेलीच होती.

माझ्या लग्नात सगळं गाव जेवलं, मोकलांच्या घरातलं कोणी आलं नाही. त्यांना आमंत्रणच नव्हतं. पत्रिकांच्या यादीत मी काकाचं नाव लिहिलं होतं, बाबाने ते खोडलं, मी पुन्हा लिहिलं नाही.

गेल्या डिसेंबरात बाबा गेला. खांद्याशी त्याचा काही संबंध नव्हता. काविळीचं निमित्त झालं आणि तीन आठवड्यांत संपलं. पेणच्या दवाखान्यात मी त्याच्याजवळ असायचे. शेवटच्या आठवड्यात तो खूप बोलायचा, जुन्या मॅचेस, कोणत्या गावाला कोणी काय टाकलं. हिराजीचं नाव आलं की थांबायचा आणि मला म्हणायचा, बघ, तूच साक्षीदार. मी त्याची उशी नीट करायचे. एका दुपारी मी सुरुवात केली होती. बाबा, त्या दिवशी ना, एवढं म्हटलं. तो म्हणाला, माहीत हाय मला, चावले होते, आणि माझा हात थोपटला.

बाराव्याला अंगणात मंडप घातला होता. माणसं जेवून जात होती. मी पानं वाढत होते. बांधाकडच्या बाजूने हिराजीकाका आला आणि मंडपाच्या अगदी कडेच्या खुर्चीवर बसला. खूप वाकला होता. आई त्याला पाहून आत निघून गेली.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. हातात वाढायला घेतलेलं ताट होतं.

“काका,” मी म्हटलं, “मी त्याला कधी सांगितलं नाही.”

“माहीत हाय.”

“तू तरी सांगायचं होतंस.”

“माझं कोण ऐकणार होतं?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण माझी समजूत काढावी असंही काही नव्हतं. “पुतण्या माझा. नोकरी माझ्या घरात आली. मी बोललो असतो, धर्माचा हात गेला होता, त्याच्या पोरीला विचार, तर लोक बोलले असते, आता पोरीला मध्ये घालतो. तूच सांगायला पाहिजे होतं.”

मी ताट दुसऱ्या हातात घेतलं.

“मी वाट बघितली गो. पहिलं वर्षभर रोज. मग दर मे महिन्यात तू यायचीस, तेव्हा वाटायचं, या सुट्टीत पोरगी बोलेल. तू गाडीत बसलेली दिसायचीस. मी मुद्दाम त्या वेळेला नाक्यावर जायचो.”

“मला वाटलं, तो मोडून जाईल.”

“रागावला असता,” काका म्हणाला. “महिनाभर बोलला नसता तुझ्याशी. दोन महिने धर. पण तू पोटची पोरगी. तुझ्याशी तो परत बोललाच असता, त्याला दुसरा रस्ता नव्हता. माझ्याशी न बोलता त्याला चाललं.”

पलीकडे कोणीतरी वरण मागत होतं. नात्यातला एक पोरगा पाण्याची कळशी घेऊन फिरत होता. काका गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू उभा राहिला.

“जेवून जा,” मी म्हटलं. “काका, बस ना. मी वाढते.”

त्याने ताटाकडे बघितलं, मग घराच्या दाराकडे.

“नको,” तो म्हणाला. “एकोणीस वर्षं त्याच्या घरात पाणी नाय प्यायलो. आता तो नाय तेव्हा जेवलो, तर चोरून जेवल्यासारखं होईल.”

तो आला होता त्याच वाटेने गेला. मी ताट घेऊन उभी होते. त्यातला भात गरम होता, आणि रांगेत वाट बघत बसलेली माणसं होती, पण ते ताट मला दुसऱ्या कोणापुढे ठेवता येईना.